चौकातली कोंडी: पूल मागण्याआधी थांबरेषेजवळची कामं

थांबरेषा

पुण्यात संध्याकाळी कुठल्याही चौकात अडकलेल्या माणसाला उपाय विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "इथं पूल पाहिजे." पुलाशिवाय सुटणारच नाहीत असे चौक आहेत. चांदणी चौक त्यातला. महामार्ग, मुळशी, पाषाण, एनडीए, कोथरूड एवढ्या दिशा एका खिंडीत येतात; तिथं सिग्नलचं काम नव्हतंच. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर सुमारे ६०० किलो स्फोटकं लावून पाडला (तरी सांगाडा थोडा उभा राहिला आणि बाकीचं काम यंत्रांनी केलं), आणि नवीन रचना १२ ऑगस्ट २०२३ ला खुली झाली.

पण शहराच्या कडेचे बहुतेक चौक असे नाहीत. तिथं डांबर पुरेसं असतं, हिरवा वेळ वाया जातो. तो कुठं जातो, एवढ्यासाठी हा धागा.

आकडे उदाहरणासाठी धरलेत. चार हातांचा चौक. पूर्व-पश्चिम मोठा रस्ता, प्रत्येक बाजू १०.५ मीटर. उत्तर-दक्षिण छोटा, प्रत्येक बाजू ७ मीटर. गर्दीच्या तासाला पूर्वेकडून १५४०, पश्चिमेकडून १३७५, उत्तरेकडून ५९०, दक्षिणेकडून ५१५ पीसीयू येतात. (पीसीयू म्हणजे सगळी वाहनं एका कारच्या मापात मोजणं. दुचाकी अर्धी किंवा त्याहून कमी, बस दोनेक कारइतकी.)

हिरवा दिवा सलग तासभर चालू ठेवला तर रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे ५२५ पीसीयू सुटतात, हे जुनं आणि कामचलाऊ गणित. म्हणजे मोठा हात ५५००, छोटा ३६७५. येणारी वाहनं भागिले सुटू शकणारी: ०.२८, ०.२५, ०.१६, ०.१४. बेरीज ०.८३.

आपल्याकडे चारही हात एकेक करून सोडायची पद्धत आहे. प्रत्येक वेळी सुरुवातीची सुस्ती आणि शेवटचं चौक रिकामं होणं धरून ४ सेकंद फुकट जातात. चार फेज (सोडायच्या पाळ्या), १६ सेकंद. वेबस्टरचं सूत्र (सिग्नलचं एक पूर्ण चक्र किती सेकंदांचं असावं ते सांगणारं): (१.५ × १६ + ५) भागिले (१ − ०.८३) = १७१ सेकंद. जवळजवळ तीन मिनिटांचं चक्र. पूर्वेच्या वाट्याला त्यातले ५२ सेकंद येतात, उरलेले ११९ सेकंद लाल. तेवढ्यात ५० पीसीयू जमतात, तीन रांगांत शंभर मीटरची शेपूट. ही शेपूट मागच्या गल्लीचं तोंड आणि बसस्टॉप दोन्ही अडवते, आणि लोक म्हणतात रस्ता अपुरा आहे.

आता सगळी उजवी वळणं बंद करा. उजवीकडे जाणाऱ्यानं सरळ जायचं, पुढं यू-टर्न घेऊन परत यायचं, डावीकडे वळायचं. छोट्या रस्त्यावरच्यानं आधी डावीकडे वळून मग यू-टर्न घ्यायचा. फेज दोनच उरतात. परतणारी वाहनं धरली तर पूर्वेकडून १९२० होतात, तरी बेरीज ०.३५ + ०.१६ = ०.५१. सूत्र ३५ सेकंद सांगतं. पादचाऱ्यांसाठी लागणारा वेळ धरून ९० सेकंद ठेवा. पूर्वेचा लाल ३४ सेकंदांवर येतो, शेपूट ३५-४० मीटरवर. एक विटही न रचता.

अर्धीखडी

गणित बरोबर, पण एक हात सोडून दिलाय. यू-टर्नच्या पंक्चरवर (दुभाजक तोडून ठेवलेल्या जागी) काय होतं ते मोजा.

तुमच्या आकड्यांत उजवी वळणं किती धरलीत ते लिहिलं नाही. १९२० वरून उलटं मोजलं तर पूर्वेची २५०, पश्चिमेची २००, उत्तरेची १८०, दक्षिणेची १५० असावीत. म्हणजे पश्चिमेच्या पंक्चरवर पूर्वेचे २५० आणि दक्षिणेचे १५० असे तासाला ४०० यू-टर्न. त्यांना समोरून येणाऱ्या १३७५ पीसीयूमधून फट काढायची आहे. ही वाहनं तुमच्या सिग्नलच्या मागून येतात, त्यामुळे तुमचा लाल दिवा त्यांच्यात फटी पाडत नाही. साडेचार सेकंदांची फट लागते आणि मागचा गाडीवाला अडीच सेकंदांनी घुसतो असं धरलं, तर त्या पंक्चरची कुवतच तासाला ४०० च्या आसपास निघते. कागदावरच काठोकाठ. रस्त्यावर याचा अर्थ यू-टर्नवाल्यांची रांग मधल्या लेनमध्ये वाढत जाणार आणि शेवटी कोणीतरी नाक घालून तीनही लेन थांबवणार. कोंडी चौकातून उचलून दोनशे मीटर पुढं ठेवली, एवढंच.

दुसरं, वळायला जागा. कारला १०-११ मीटर व्यासात वळता येतं. बारा मीटरच्या बसला साधारण २४ मीटर लागतात. तुमच्याकडे आतली लेन साडेतीन, दुभाजक सव्वा मीटर धरू, समोरचे साडेदहा, मिळून पंधरा-सव्वापंधरा. बस एका दमात वळणार नाही. ती मागंपुढं करेल आणि त्या वेळात सगळा रस्ता बंद. पलीकडच्या कडेला पोटासारखी फुगवटी काढली तर जमतं, पण त्या फुगवटीत दुसऱ्या दिवशी वडापावची गाडी उभी असते.

तिसरं, अंतर. दक्षिणेकडून डावीकडे वळलेल्याला तीन लेन ओलांडून दुभाजकाला चिकटायचंय. पंक्चर ६० मीटरवर दिलं तर तो आडवा चालवणार. दीडशे ते अडीचशे मीटर हवेत.

माझा पर्याय: मोठ्या रस्त्याची उजवी वळणं चौकातच ठेवा, फक्त छोट्या रस्त्याची यू-टर्नला पाठवा. तीन फेज. मोठा रस्ता दोन्ही बाजू एकदम सरळ, मग मोठ्या रस्त्याची दोन्ही उजवी वळणं एकदम, मग छोटा रस्ता. बेरीज: ०.२७ + ०.१६ + ०.१६ = ०.५९. फुकट वेळ १२ सेकंद. पादचाऱ्यांसकट चक्र १०५ च्या आसपास बसतं. यू-टर्न दीडशे-पावणेदोनशेवर येतात, तेवढे पंक्चर आरामात गिळतं.

अट एकच: उजवीकडे वळणाऱ्यांना वेगळा खिसा (दुभाजकालगतची आखूड लेन) लागतो. तासाला २५०, चक्र १०६ धरलं तर दर फेरीला सात-आठ पीसीयू. दीडपट धरून अकरा, सहा मीटरच्या हिशोबानं ६५-७० मीटर लांब, मागं १५-२० मीटरची तिरकी सुरुवात. सरळ जाणाऱ्यांची शेपूट या मांडणीत ५०-५५ मीटर येते, म्हणजे खिशाचं तोंड तिच्यामागं मोकळं राहतं. खिसा शेपटीपेक्षा आखूड केला की वळणारा सरळच्या रांगेत अडकतो आणि उजवा बाण रिकाम्या डांबराला हिरवा दाखवत राहतो.

थांबरेषा

मान्य. उजवी वळणं तीच धरली होती, लिहायची राहिली. पंक्चरची कुवत तपासली नव्हती. तुमची तीन फेजची मांडणी या आकड्यांना जास्त बरी. खिशासाठी ३ मीटर दुभाजकातून काढावे लागतील, सव्वा मीटरच्या दुभाजकातून ते निघणार नाहीत. कडेचं पार्किंग काढून सगळ्या लेन डावीकडे सरकवाव्या लागतील.

लेन_नं_२

पीसीयू, सूत्र वगैरे ठीक. येणारी वाहनं मोजता कशी? बरेच अहवाल पाहिले की पहिल्याच पानावर गडबड दिसते.

थांबरेषा

नेहमीची चूक अशी की थांबरेषेवर उभं राहून सुटलेली वाहनं मोजतात. चौक तुंबलेला असेल तर थांबरेषेवर मोजलेला आकडा म्हणजे सिग्नलनं किती सोडली, तो. मागं अडकलेली त्यात नाहीत. अशा आकड्यावरून वेळा काढल्या की आजचीच कोंडी पक्की होते.

मोजणी शेपटीच्या मागं करायची. किंवा थांबरेषेवर मोजून दर पंधरा मिनिटांनी शेपटीची लांबी लिहायची आणि वाढलेली शेपूट पीसीयूत बदलून मिळवायची. कॅमेरा खांबावर सात-आठ मीटर उंच, नाहीतर बसमागची दुचाकी दिसत नाही. वळणवार मोजणी हवी: डावी, सरळ, उजवी, यू-टर्न, प्रत्येक हात वेगळा, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे. शाळांची सुट्टी, गणपतीचे दिवस, लग्नसराईची तारीख टाळायची. पादचारी मोजायचे विसरतात. मग चक्र ३५ सेकंदांचं काढतात आणि पहिल्याच आठवड्यात हवालदार ते बंद करून हातानं चालवतो.

पायवाट

पादचाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आकडे मांडते.

चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. वृद्ध आणि लहान मुलं जास्त असतील, शेजारी दवाखाना किंवा शाळा असेल, तर १ च्या खाली धरा. वरच्या उदाहरणात मोठा रस्ता एका दमात ओलांडायचा तर १०.५ + १.२ + १०.५ = २२.२ मीटर. साडेअठरा सेकंद, अधिक पाऊल उचलायला ७ सेकंद, मिळून २५-२६. हाच आकडा छोट्या रस्त्याचा किमान हिरवा ठरवतो, गाड्या असोत नसोत. मधे थांबायला नीट जागा दिली तर ८.७५ + ७ = १६ सेकंदांत भागतं. म्हणजे मधली जागा रुंद करणं हे वाहनचालकांच्याही फायद्याचं आहे, पण ते त्यांना कोणी सांगत नाही.

मधली जागा दोन मीटर तरी हवी. सव्वा मीटरमध्ये बाबागाडी आडवी राहते. आणि ती रस्त्याच्याच पातळीवर कापलेली हवी, चढ-उतार नको. पदपथाला जिथं कर्ब (कडेचा दगड) १५० मिलिमीटर उंच आहे तिथं उतार १ ला १२, म्हणजे १.८ मीटर लांब. अनेक ठिकाणी अर्ध्या मीटरात उतार संपवलेला दिसतो. त्यावर व्हीलचेअर चढत नाही, पण दुचाकी झक्क चढते.

बोलार्डचं (गाड्या अडवायला रोवलेल्या खुंटांचं) तर विचारूच नका. दोघांमधली जागा व्हीलचेअर जाईल एवढी ठेवली की अ‍ॅक्टिव्हाही जाते, आणि अ‍ॅक्टिव्हा अडवली की व्हीलचेअर अडते. मधल्या बेटावर वाट नागमोडी काढली तर चाकाची खुर्ची सावकाश वळते आणि दुचाकीवाला कंटाळून निघून जातो. त्यातल्या त्यात तेच चालतं.

आता मुख्य मुद्दा: फ्री लेफ्ट. डावीकडे जाणाऱ्याला सिग्नल नाही म्हणजे पादचाऱ्याला तिथं कधीच हिरवा नाही. माझं मत, शहरातल्या चौकात फ्री लेफ्ट बंदच करावा.

अर्धीखडी

सरसकट बंद नको. डावीकडे तासाला ३००-४०० जात असतील तर ती सगळी थांबरेषेमागं उभी राहतील आणि आहे ती शेपूट वाढेल. वेगळी लेन असेल तर ठेवा, पण नीट ठेवा.

तीन गोष्टी. एक, कोपऱ्याची गोलाई. १५ मीटर त्रिज्या दिली की गाडी वेग न कमी करता वळते. ६ ते ९ मीटर ठेवा. बस वळणार असेल तर बसचा मागचा टायर कुठून जातो ते खडूनं जमिनीवर काढून बघा. दोन, त्रिकोणी बेट निदान साडेचार-पाच चौरस मीटर. त्यापेक्षा लहान असेल तर ते बेट नव्हे, अडथळा; महिन्याभरात ट्रकखाली जातं. तीन, डाव्या लेनमध्ये झेब्रा उंचवट्यावर घ्या, पदपथाच्या पातळीला. गाडी आपोआप हळू होते.

पायवाट

उंचवटा असेल तर फ्री लेफ्टला माझी हरकत कमी. पण पाणी कुठं जाणार ते आधी सांगा.

चेंबर_झाकण

हेच लिहायला आलो होतो. कोपऱ्यात उंचवटा किंवा पुढं काढलेला पदपथ केला की रस्त्याच्या कडेनं वाहणारं पाणी तिथं अडतं. कारण पावसाळी जाळी नेमकी कोपऱ्याच्या पुढच्या बाजूला असते आणि नवा कर्ब तिच्या आधी येतो. जूनच्या पहिल्या सरीला थांबरेषेवर घोटाभर पाणी, डावी लेन रिकामी, सगळे मधे घुसतात. तीनची दोन लेन झाली.

करायचं ते असं: उंचवट्याच्या वरच्या अंगाला नवीन जाळी, तिथून जुन्या चेंबरपर्यंत पाइप. हे काम कर्ब बसवायच्या आधी. रस्त्याचा आडवा उतार दोन ते अडीच टक्के मिळतोय का ते दोरी लावून पाहा. चौकात दोन रस्त्यांचे उतार एकमेकांना भिडतात, तिथं डांबराच्या थरावर थर चढून मधेच वाटी तयार झालेली असते. खरवडून काढल्याशिवाय ती जात नाही, वर आणखी थर टाकून तर नाहीच.

आणि झाकणं. थांबरेषेच्या पुढच्या पंधरा-वीस मीटरांत चेंबरचं झाकण चार-पाच सेंटिमीटर खाली असेल तर हिरवा पडल्यावर प्रत्येक दुचाकी त्याला वळसा घालते, रिक्षा ब्रेक लावते. सिग्नलच्या वेळा कितीही सुधारा, ती लेन पूर्ण सुटत नाही. झाकण उचलून फ्रेमखाली काँक्रीटचा कॉलर घालून पातळीला आणणं हे चौकातलं सगळ्यात स्वस्त काम असेल. नुसतं कडेला डांबर थापलं तर तीन आठवड्यांत परत खड्डा, कारण झाकण हलतं आणि डांबर सुटतं. काँक्रीट भरून झालं की वर लोखंडी पत्रा टाकून निदान आठवडाभर वाहन जाऊ द्यायचं नाही. घाईत दुसऱ्या रात्री खुलं केलं की कॉलर तडकतो.

हिरवादिवा

सिग्नलच्या बाजूनं थोडं.

पिवळा ३ सेकंद. त्यानंतर सगळीकडे लाल किती, हे चौकाच्या रुंदीवर ठरतं. थांबरेषेपासून पलीकडच्या टोकापर्यंत २५ मीटर, वेग ताशी ३० म्हणजे सेकंदाला आठेक मीटर, तर ३ सेकंद. हा वेळ शून्य ठेवून "जास्त गाड्या सोडतो" म्हणणारे चौक पाहण्यात आहेत. तिथं सुटणाऱ्या आणि शिरणाऱ्या गाड्या मधोमध एकमेकांना भिडतात आणि पुढच्या हिरव्यातले आठ-दहा सेकंद ती गाठ सोडवण्यात जातात.

शेजारशेजारच्या चौकांचं चक्र एकाच लांबीचं हवं, तरच हिरवी लाट जमते. ५०० मीटर अंतर, ताशी ३०, म्हणजे पुढचा सिग्नल ६० सेकंदांनी हिरवा. पण पुढच्या चौकात आधीच शेपूट असेल तर ती हलेपर्यंतचा वेळ वजा करून लवकर हिरवा द्यावा लागतो. हे विसरल्यामुळे कागदावरची लाट रस्त्यावर दिसत नाही. आणि उलट्या दिशेला तीच लाट मिळेलच असं नाही, सकाळी एक बाजू, संध्याकाळी दुसरी निवडावी लागते.

गर्दीनुसार आपोआप वेळ बदलणाऱ्या सिग्नलांबद्दल फार आशा लावून बसू नका. मागणीच कुवतीच्या वर गेली असेल तर कॉम्प्युटर काय, कोणीही वेळ निर्माण करत नाही. त्यांचा फायदा दुपारी आणि रात्री, जेव्हा ठरीव वेळेचा सिग्नल रिकाम्या रस्त्याला हिरवा देत बसतो. शिवाय गाड्या ओळखायला रस्त्यात पुरलेल्या तारांच्या वेटोळ्या पुढच्या डांबरीकरणाच्या खरवडणीत कापल्या जातात आणि कॅमेऱ्यांच्या काचा पावसानं-धुरानं आंधळ्या होतात. पुसायचं कंत्राट वेगळं नसेल तर सहा महिन्यांत ती यंत्रणा ठरीव वेळेवर येऊन पडते.

लेन_नं_२

सेकंद उलटे मोजणारे टायमर हवेत की नकोत? लोकांना आवडतात.

हिरवादिवा

आवडतात, आणि लोक इंजिन बंद करतात हा फायदा खरा. पण लालचे शेवटचे तीन सेकंद दिसले की पुढची रांग निघते. हिरव्याचे शेवटचे पाच दिसले की मागचे वेग वाढवतात. दोन्ही एकाच वेळी घडतं, वेगवेगळ्या हातांवर. लालचा टायमर शेवटच्या पाच-सहा सेकंदांना बंद होणारा लावता येतो, तो मधला मार्ग. आपोआप बदलणाऱ्या सिग्नलला मात्र टायमर जुळत नाही. किती सेकंद उरले हे त्यालाच आधी ठाऊक नसतं.

वाकडीवाट

तुम्ही सगळे थांबरेषेच्या अलीकडेच अडकलात. पलीकडे बघा. तीन लेन चौकात शिरतात, बाहेर पडताना दोनच उरतात, कारण पहिल्या वीस मीटरांत रिक्षा स्टँड, पुढं बसस्टॉप, त्यापुढं एटीएमसमोर उभ्या गाड्या. मग चौकाच्या पोटातच गाड्या थांबतात आणि आडव्या हाताचा हिरवा फुकट जातो.

नियम साधा: जितक्या रांगा आत तितक्या बाहेर, निदान ६०-७५ मीटरपर्यंत. बसस्टॉप चौकाच्या आधी नको, चौक ओलांडल्यावर. पण ओलांडल्यावर लगेच नाही. दोन बस एकामागं एक उभ्या राहिल्या तरी शेवटचीची शेपूट झेब्र्यावर येऊ नये. १२ अधिक १२, मधलं अंतर, आत वळायची जागा धरून झेब्र्यापासून चाळीसेक मीटर पुढं. रिक्षा स्टँड नुसता हटवला तर तो दोन दिवसांत परत येतो. गल्लीच्या आत दहा रिक्षांची रांग आणि तोंडाशी एकच उभी, असं आखून दिलं तर टिकतं, कारण त्यांनाही भाडं मिळायला हवं.

पिवळी जाळीही आखा. तिचा अर्थ पुढं जागा असल्याशिवाय आत शिरायचं नाही. आपल्याकडे ती आखतात आणि मग तिच्यावरच उभे राहतात, पण पहिले पंधरा दिवस पोलीस उभे केले तर फरक पडतो.

पायवाट

वर्तुळाबद्दल (सिग्नलऐवजी मधे गोल बेट) कोणी बोललं नाही. कडेच्या छोट्या चौकांना बरं नाही का?

अर्धीखडी

सगळ्या हातांची मिळून तासाला ३००० च्या आत असेल तर छान. वरच्या उदाहरणाची बेरीज ४०२० आहे, तिथं नको. वर्तुळ चालतं ते एका गोष्टीवर: आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं. बाहेरचा घुसला की आतला थांबतो, त्याच्यामागचा थांबतो, आणि गोल भरून कुलूप लागतं. ते कुलूप आपोआप उघडत नाही, एक हात पूर्ण अडवून आतले बाहेर काढावे लागतात. म्हणून आत शिरायच्या तोंडाला गाडीला वाकायला लावणारं बेट हवं. सरळसोट शिरता आलं तर कोणी थांबत नाही. आणि मधे पुतळा-कारंजं असलं तरी कंबरेपेक्षा उंच झुडपं नकोत.

लेन_नं_२

नळस्टॉपचं उदाहरण कोणी घेतलं नाही, आश्चर्य आहे.

थांबरेषा

घेतो. कर्वे रस्त्यावर मेट्रोखालचा दुमजली पूल मार्च २०२२ मध्ये खुला झाला. खालचा चौक हलका झाला, पण पूल जिथं उतरतो तिथं कोंडीच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. कारण मोजून बघा. पुलाखाली साडेपाच मीटर मोकळी उंची, वर दोन मीटर गर्डर-स्लॅब, म्हणजे साडेसात मीटर चढायचं. चढ १ ला ३० धरला तर एका बाजूचा उतार २२५ मीटर, वरची-खालची गोलाई वेगळी. दोन्ही बाजू आणि मधला भाग धरून पाच-सहाशे मीटर. शहरात पुढचा चौक एवढ्या अंतरावरच असतो. पुलावरून न थांबता आलेला झोत आणि खालून आलेला झोत एकाच अरुंद रस्त्यात मिसळतात, आणि पुढच्या सिग्नलची शेपूट उतारावर चढते.

म्हणून पूल मागण्याआधी दोन प्रश्न. सरळ जाणारी वाहनं किती टक्के? उजवी-डावीच निम्मी असतील तर पूल त्यांना उपयोगाचा नाही, उलट खांब आणि उतार खालचा रस्ता खातात. आणि पुढच्या चौकाची कुवत आजच संपलीय का?

विद्यापीठ चौकाचंही तसंच लक्षात ठेवण्यासारखं. तिथले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडले, कारण मेट्रोसह दुमजली रचना त्यांच्यासोबत बसत नव्हती. नव्या पुलाची एक बाजू खुली व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. मधली पाच वर्षं तो चौक बॅरिकेडच्या मधून चालला. पुलाच्या हिशोबात ही वर्षं कोणी धरत नाही.

वाकडीवाट

चांदणी चौकाचंही अर्धंच सांगितलंत. गाड्या सुटल्या, पण महामार्गावर बस पकडायला चालत जाणाऱ्यांची वाट सुरुवातीला धड नव्हती, आणि पाट्या वाचून कुठल्या रॅम्पवर चढायचं हे कळेपर्यंत फाटा मागं पडायचा. ताशी ५० नं चाललेली गाडी सेकंदाला १४ मीटर जाते. वाचायला-ठरवायला पाच-सहा सेकंद आणि लेन बदलायला तेवढेच धरले तर पहिली पाटी फाट्याच्या दीडशे मीटर आधी, आणि तिच्याही आधी एक. फाट्याच्या तोंडावर लावलेली पाटी चुकलेल्यांना चुकल्याचं सांगायला.

लेन_नं_२

आता कामाचं विचारतो. आमच्या भागात तीन फेजची मांडणी करून बघायची असेल तर कर्ब न फोडता कशी करायची, आणि किती दिवस?

थांबरेषा

क्रम असा.

आधी वाहतूक शाखेचा तात्पुरता आदेश. वळण बंद करणं हे मोटार वाहन कायद्याखाली अधिसूचनेनं होतं, नगरसेवकाच्या फलकानं नव्हे. त्यात तारखा आणि हरकतींसाठी पत्ता हवा.

मग रात्रीत मांडणी. खिशासाठी पाणी भरायचे प्लास्टिकचे बॅरियर. रिकामे ठेवले तर वाऱ्यानं सरकतात, तळाला बूच घट्ट आहे का ते पाहा. बॅरियरच्या आधी २०-२५ मीटर कोन, तिरक्या ओळीत, रात्री दिसणाऱ्या पट्टीचे. लेनच्या रेषेवर वाकून परत उभे राहणारे स्प्रिंगचे खांब, दोन-दोन मीटरवर. पहिल्या महिन्यात त्यातले थोडे तुटणार, जास्तीचे आणून ठेवा.

पट्टे आधी साध्या रंगानं. मांडणी पक्की झाली की थर्मोप्लास्टिक, अडीच मिलिमीटर जाड, वर काचेचे मणी चौरस मीटरला २५० ग्रॅम. मणी पट्टा गरम असतानाच पडले पाहिजेत. गार झाल्यावर टाकलेले दुसऱ्या दिवशी कडेला झाडून निघतात. ओल्या किंवा धुळीच्या रस्त्यावर पट्टा मारू नका, पापुद्रा निघतो. काँक्रीट असेल तर आधी प्रायमर. आणि जुने पट्टे काळ्या रंगानं झाकू नका, पावसात रात्री तेच चमकतात. खरवडून काढा.

सिग्नलमध्ये उजव्या बाणाचा वेगळा दिवा लागेल, तो खिशाच्या समोर, दुभाजकावरच्या खांबावर. डाव्या खांबावर लावला तर बसच्या आडून दिसत नाही.

मुदत निदान तीन आठवडे. पहिला आठवडा कोंडी वाढेल, कारण लोक जुन्या सवयीनं येतात आणि चौकात थांबून हुज्जत घालतात. त्या आठवड्याचे आकडे धरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तीच मोजणी, तेच वार, त्याच वेळा. चौकाचीच नाही, दोन्ही बाजूंच्या पुढच्या चौकांच्या शेपट्याही.

चेंबर_झाकण

बॅरियर पावसाळी जाळीवर ठेवू नका. आणि सिग्नलची केबल कुठून गेलीय त्याचा नकाशा मागून घ्या. नसेल (बहुधा नसतो) तर खांबाच्या बुडापासून फीडर पिलरपर्यंत (रस्त्याकडेच्या वीजपेटीपर्यंत) खडूनं रेघ मारून ठेवा, म्हणजे पुढं कर्ब फोडताना ब्रेकर तिच्यावर चालणार नाही.

लेन_नं_२

रेघ खडूची पावसात राहील का?

चेंबर_झाकण

नाही राहणार. ऑइलपेंट घ्या, पिवळा नको. पिवळी रेघ दिसली की लोक तिथं गाडी लावायची जागा समजतात.